बोट, ग्राइंडर आणि ओरगडमचा वजनकाटा

निवृत्तीनंतर चार वर्षं खपून यांनी बांधलेली लाकडी बोट अजून पाण्यात उतरली नव्हती. सोसायटीला तिची जागा हवी होती, म्हणून सोमवारी एक गिऱ्हाईक ती घेऊन जाणार होतं. त्याआधी शनिवारी एकदा तरी चेन्नईजवळच्या कोवळमच्या खाडीत न्यायचीच, असं ठरवून सकाळी सहाला ट्रेलर जोडून अंबत्तूरहून निघालो.

तुम्हीही असं काही ओढून नेणार असाल, तर आधी गाडीचं माहितीपुस्तक उघडा. आमच्या गाडीला मर्यादा साडेसातशे किलोंची, ट्रेलर आणि त्यावरचं सगळं धरून.

श्रीपेरुंबुदूरला इडली-वडा खाऊन ओरगडमला ट्रकांच्या रांगेतून नुसता ट्रेलर वजनकाट्यावर चढवला. आकडा आला आठशे साठ. यांनी ताडपत्री उचलली. आमच्या घरात गाडी रिकामी धाडायची पद्धत नाही. वाटेत केळंबाक्कमला नणंदेला द्यायचा दुरुस्त केलेला ग्राइंडर आणि पाण्याचे वीस-वीस लिटरचे चार कॅन मी बोटीत ठेवले होते.

काटेवाल्याने तमिळमध्ये विचारलं, "अम्मा, समुद्रात डोशाचं पीठ वाटणार का?"

एवढ्याने कोणी अडवत नाही, असंही तो म्हणाला. पण हे जन्मभर कारखान्यात तपासणीवर होते. ब्रेक दाबला की मागचं वजन आपल्याला ढकलतं, एक किलोही जास्त चालणार नाही, म्हणाले. गाडीत हलवावं तर तीही काठोकाठ भरलेली. पाणी ट्रकवाल्यांना वाटलं, ग्राइंडर काटेवाल्याच्या खोलीत ठेवला. तरी सातशे साठ. काढण्याजोगं उरलं फक्त इंजिन.

"या खांद्याने वल्ही मारवणार नाहीत," हे म्हणाले. "चल परत."

"मी मारीन."

"तू?"

कोडाईकनालच्या कॉन्व्हेंटमध्ये दर शनिवारी सिस्टर आम्हा मुलींना तळ्यावर वल्ही मारायला न्यायच्या. संसाराच्या इतक्या वर्षांत हे सांगायचं राहूनच गेलं होतं. इंजिन उतरवलं. सातशे चाळीस.

कोवळमला मच्छीमारांनी बोट ढकलायला हात लावला. पहिल्या चार फेऱ्या वाकड्या गेल्या, मग हातांना आठवलं. हे तळाच्या फळीवर तळहात ठेवून बसले होते. फळी कोरडीच राहिली. त्यातल्याच एका मच्छीमाराने, महिन्याला थोडं भाडं दिलंत तर बोट माझ्या माडांखाली ठेवा, असं सुचवलं.

बोट तिथेच ठेवून येताना मोकळ्या ट्रेलरवर इंजिन आणि ग्राइंडर घेतले. घरी मी तळहातांवरच्या फोडांना खोबरेल लावत होते, तेव्हा यांनी गिऱ्हाइकाला फोन करून नकार कळवला. पलीकडून कारण विचारलं असावं.

हे म्हणाले, "बायकोला लागते."