तीन दिवसांचा सौदा

माझ्या सासूनं मला फसवलं. दिवसाढवळ्या, माझ्याच घरात, माझ्याच दुपट्ट्याखाली. पुसदच्या गुरांच्या बाजारात मला गंडवणारा माणूस अजून जन्माला यायचा आहे, असं बाजारातलेच लोक म्हणतात. आणि चष्मा लावूनही जिला सुईत दोरा ओवता येत नाही, त्या बाईनं मला असं लोळवलं की आजही आठवलं की कानशिलं तापतात. मला रागीट म्हणणाऱ्यांनी आधी माझी बाजू ऐकावी.

मी दुसऱ्यांच्या शेळ्यांचे दोर धरून बाजार शिकलो. लहानपणी गावात सणाला बोकड कापून वाटे पडायचे. आमच्या घरी अर्धा वाटा यायचा आणि आई त्यात विहीर ओतल्यासारखं पाणी ओतायची. फोडी बापाच्या नि काकाच्या ताटात, आम्हा पोरांना रस्सा. तेव्हाच ठरवलं, माझं घर होईल तेव्हा पातेल्यात घातलेली पळी मटणावर अडकली पाहिजे. पुढे बैलांच्या व्यापारात हात बसला, घर झालं, आणि पळी अडकू लागली. आठवड्यातून चार-पाच वेळा अडकू लागली. बायकोनं कधी चकार शब्द काढला नाही. मग सासरे वारले, आणि सासू, जिला मी मामी म्हणतो, झरी जामणीकडचं घर बंद करून आमच्याकडे राहायला आली.

मामी माळकरीण असती तर मी हात जोडून गप्प बसलो असतो. पण ती चांगली खाणारी बाई. तोंडात मोजके दात, तरी नळी अशी चोखायची की मागाहून तिच्यात मुंगीला काही मिळू नये. तिचं म्हणणं एवढंच, की मटण हे मसाल्यासारखं वापरायचं, पोट भाजीनं भरायचं. आमचं पातेलं पहिल्यांदा पाहिलं तेव्हा नाकाला पदर लावून म्हणाली, "हे कालवण हाय का तुमचा बाजार भरला हाय यात?" आणि दुसऱ्या दिवसापासून स्वयंपाकघर तिच्या ताब्यात गेलं. बाजारात जायची तर भेंडीची शेपटं मोडून पाहायची, वालाची शेंग सोलून दाणा चावायची, वांग्याला कानाशी धरून बोटानं वाजवायची. भाजीवाल्या तिला पाहून टोपली पदराआड करत. फ्लॉवरला ती दवाखान्यातली भाजी म्हणे, कोबीला पोट फुगवणारा पाहुणा. पण सोले, म्हणजे तुरीचे ओले दाणे, निघाले की ती चुलीपुढून हलत नसे, आणि पावसाळ्यात तिच्या गावाकडून कुणी रानातले टेकोडे आणून दिले की घरात कुणाला मोठ्यानं बोलू देत नसे, जणू त्या अळंब्या झोपल्या आहेत.

हे सगळं मी सहन केलं. पण एका रविवारी ताटात पाहतो तर मटणाच्या रश्श्यात फणस! मी ताट सारलं. म्हटलं, "मामी, या घरात मटणात मटणच असते." ती शांतपणे म्हणाली, "जवाईबापू, हप्त्यातून एक दिवस मटण. बस झालं." मी म्हटलं, "चार." ती म्हणाली, "एक." आवाज वाढला, पोरं ताट घेऊन अंगणात गेली, आणि रागाच्या भरात मी खांद्यावरचा दुपट्टा काढून मध्ये धरला. "या मग. बाजाराच्या रीतीनं होऊन जाऊ द्या."

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो, आमच्याकडे बैलाचा भाव तोंडानं बोलत नाहीत. कापडाखाली हात घालून एकमेकांची बोटं दाबतात, जितकी बोटं तितका आकडा, आणि सौदा पटला असं म्हणून हात सोडला की मागे फिरता येत नाही. मला वाटलं, बाई घाबरेल. बायको तर ओरडलीच, "बापा बापा! सासूचा हात धरता काय? लाज हाय का नाही?" पण मामीनं पदर खोचला, हात दुपट्ट्याखाली घातला आणि म्हणाली, "व्यापारात सासू-जवाई नसते. तुमचे मामाजी बैलांचेच व्यापारी होते, इसरले काय?"

मी चार बोटं दाबली. तिनं माझं एक दाबलं. मी पुन्हा चार. ती दोनवर आली, मी तीनवर अडलो, आणि बऱ्याच वेळानं तिनं उसासा टाकून माझी तीन बोटं दाबली. "सौदा पटला. आठवड्यातून तीन दिवस मटण." हात सुटला. मी मिशीला पीळ दिला. सासूला हरवलं म्हणून त्या संध्याकाळी दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

बुधवारी ताट आलं. वांगी, वालाच्या शेंगा, मेथी, एवढा मोठा ढीग, आणि त्याच्या शेंड्यावर मटणाची एक फोड. एकच.

"हे काय हाय?"

"मटण."

"तीन दिवस ठरलं होतं, मामी!"

"मंग तीन दिवसच देऊन राह्यली न. किती द्याचं ते तुमी कुठं ठरवलं?"

शिंगं पाहून बैल घेतला आणि दात पाहायचे राहिले, अशी चूक माझ्या हातून बाजारात कधी झाली नाही. रविवारचं मटण ती तीन दिवसांत वाटून घालू लागली. मी चिडून दुप्पट आणलं, तर जास्तीचं तिनं शिजवून गल्लीत वाटलं आणि वर मलाच सुनावलं, "गल्लीत तुमचं नाव निघून राह्यलं, अजून आणा." हात सोडलेला सौदा मोडणं माझ्या रक्तात नाही. म्हणून खाल्लं. दात-ओठ खात खाल्लं. रस्सा पुसून घेतला तो अन्न वाया जाऊ नये म्हणून, चव होती म्हणून नव्हे. आणि असली तरी ते मी तिला कबूल केलं नाही, आजही करणार नाही.

मागे साळेबुवा, म्हणजे बायकोचा भाऊ, बाभुळगावहून आले. म्हणाले, बायकोचं बाळंतपण आहे, चार महिने आईला नेतो. मी म्हटलं न्या, खुशाल न्या. त्या रविवारी पातेल्यात पळी अडकली. मी सगळ्यांना भरभरून वाढलं. पोरीनं ताटात बोट फिरवलं आणि विचारलं, "बाबा, यात वांगं काहून नाही?" बायको उठून आत गेली. मी एकटाच खात बसलो, आणि पहिल्यांदाच उरलेलं मटण झाकून ठेवावं लागलं.

काल फोन केला. मामी म्हणाली, "मी येतो म्हणते न जवाईबापू, पण तुमचा साळा सोडून नाही राह्यला. इथं तर पोट्टे भाजीले हातच नाही लावत." मागे चुलीवर काहीतरी रटरटत होतं.

ते बाळ आता भिंत धरून चालतं. म्हणून साळेबुवांना सगळ्यांदेखत विचारतो: चार महिने म्हणून नेलेली बाई अजून तुमच्या चुलीपुढे काय करते आहे? माझ्या घरची पोरं रविवारी अर्धपोटी उठतात, आणि मीही. याचं उत्तर द्या. फोनवर नको. तिला सोबत घेऊन या आणि माझ्या ओसरीवर बसून द्या.