यामातो आणि माझे पाय

"पेरिफेरल न्यूरोपथी," डॉक्टर म्हणाले. हातापायांकडे जाणाऱ्या नसा आजारी पडणं म्हणजे पेरिफेरल न्यूरोपथी. पुढं म्हणाले, "कारण सापडत नाही."

मला रोगापेक्षा या दुसऱ्या वाक्याचा राग आला. मी केमिस्ट्रीचा बी.एस्सी., जळगावात हायस्कूलला विज्ञान शिकवणारा. कारणाशिवाय काही घडतं हे मी मुलांनाही कधी सांगितलं नव्हतं.

डॉक्टरांनी विचारपूस सुरू केली. दारू? नाही. तंबाखू? नाही. मधुमेह? रक्त तपासलं होतं, तो नव्हता. आबा, म्हणजे माझे वडील, दोंडाईच्याकडच्या आमच्या गावाहून पॅसेंजरनं आले होते. ते खुर्चीत न बसता माझ्यामागं उभे होते. तिथूनच म्हणाले, "डागदरसाहेब, मना पोऱ्या सुपारीबी खात नई."

"रसायनांशी संबंध?"

"शाळेची प्रयोगशाळा आहे, पण ती बहुतेक बंदच असते."

"फावल्या वेळात काय करता?"

मी मागं उभ्या असलेल्या आबांचा अंदाज घेतला आणि म्हणालो, "वाचन."

हे लिहितोय ते या एका शब्दापायी. तो शब्द मला जवळजवळ एका वर्षाला पडला.

सुरुवात साधी होती. जानेवारीत पायांच्या बोटांना मुंग्या यायला लागल्या. मग चालताना चप्पल निसटून मागं राहायची आणि मला कळायचंच नाही. वर्गातली मुलं हसायची. फेब्रुवारीत शाळेच्या पायरीला पाऊल अडकलं आणि मी सगळ्या शिक्षकांसमोर पालथा पडलो. पाऊल वर उचलता येत नाही, लोंबतं, त्याला डॉक्टर फूट ड्रॉप म्हणतात. मार्चमध्ये नाशिकला जाऊन नर्व्ह कंडक्शन करून घेतलं. त्यात कातडीवरून विजेचे झटके देतात आणि नस निरोप किती वेगानं नेते ते मोजतात. माझ्या नसा फार हळू नेत होत्या.

आता वाचन कसलं होतं ते सांगतो.

कॉलेजातला माझा एक मित्र मालवाहू जहाजावर लागला होता. त्यानं दिवाळीत मला जपानहून आणलेलं एक खोकं दिलं. आत 'यामातो' या दुसऱ्या महायुद्धातल्या जपानी युद्धनौकेचे प्लॅस्टिकचे सुटे भाग होते. मूळ जहाजाच्या साडेतीनशेव्या हिश्श्याएवढं, जोडून झाल्यावर पाऊण मीटर लांब होणारं. शेकडो तुकडे, काही तर तिळाएवढे. माहितीचा कागद जपानीत. मी समुद्र पाहिलेला नव्हता, जपानी येत नव्हती, पण आकृती कळत होत्या. नऊ तोफा, तीन बुरूज. पहिल्या दिवशी खोकं उघडलं आणि माझं जेवण राहिलं.

आमच्या घराण्यात शिकलेला मी पहिला. शिकलो ते घरासाठी, नोकरी घरासाठी, धाकट्या भावाला इथं ठेवून घेतलं तेही घरासाठी. हे जहाज मात्र कुणाच्याच उपयोगाचं नव्हतं. ते फक्त मला हवं होतं. बत्तीस वर्षांचा मास्तर खेळणं जोडत बसलाय हे आबांना कळलं असतं तर मान वर करता आली नसती, असं मला वाटे. आबा येणार असले की खोकं खाटेखाली जायचं.

खोक्यातली गोंदाची नळी वाळून दगड झाली होती. म्हणून मी सुपडूभाऊंकडून सोल्युशन आणलं. शाळेच्या रस्त्याला त्यांचं चपलांचं दुकान होतं आणि चपलेचा तळ ते या सोल्युशननं चिकटवत. प्लॅस्टिकला ते नीट धरत नव्हतं. आज लावलेला कठडा उद्या गळायचा. मग सगळं थिनरनं पुसायचं आणि पुन्हा लावायचं. पहिला बुरूज मी सहा वेळा बसवला. वैताग यायचा आणि वैतागानंच मी पुन्हा बसायचो. धूळ रंगावर बसते म्हणून दार बंद, शेजारी डोकावतात म्हणून खिडकी बंद, वाऱ्यानं सोल्युशन लवकर वाळतं म्हणून पंखाही बंद. वाटीत थिनर उघडा. संध्याकाळचे चार-चार तास.

बायको, मंगला, म्हणायची, "अहो, डोकं उठतं माझं या वासानं."

"मी केमिस्ट्री शिकलोय, मला सांगू नकोस."

हे वाक्य मी तिला किती वेळा ऐकवलं ते ती अजून सांगते.

डॉक्टरांनी बी-ट्वेल्व्हची इंजेक्शनं सुरू केली आणि सक्तीची रजा दिली. आता हसू नका. रजा मिळाली म्हणून मी सकाळपासून जहाजाला बसायला लागलो. एकीकडं दंडात इंजेक्शन घ्यायचो, दुसरीकडं वाटीवर वाकायचो. दर पंधरवड्याला दवाखान्यात बाकावर दोन-दोन तास बसायचं, आत जायचं, डॉक्टरांनी हातोडी गुडघ्याखाली मारायची, पाय हलायचा नाही. "आश्चर्य आहे," ते म्हणायचे. मी घरी येऊन मंगलापाशी त्यांच्या नावानं बोटं मोडायचो. "एवढी डिग्री घेऊन यांना साधं कारण सापडत नाही!"

मे महिन्यात काठीशिवाय चालता येईना. चप्पल पायात राहावी म्हणून मागून पट्टा लावून घ्यायला मी रिक्षानं सुपडूभाऊंकडे गेलो. त्यांनी चप्पल हातात घेतलीच नाही. मला चार पावलं चालायला लावलं.

"सर, चप्पल चांगली आहे. बिघाड पायात आहे."

"ते माहीत आहे मला. डॉक्टरांचं चालू आहे."

"माझा लहान भाऊ असाच चालायचा. पाय उचलून, आपटत. सुरतला चपलांच्या कारखान्यात होता. बंद खोली, दहा माणसं आणि सोल्युशनचे डबे उघडे. तिथल्या डॉक्टरनं काम सोडायला लावलं." मग माझ्याकडं रोखून बघत म्हणाले, "तुम्ही माझ्याकडून एवढं सोल्युशन नेता, ते कशाला?"

"मुलांना प्रयोग दाखवायला."

"शाळेला सुट्टी लागून पंधरा दिवस झाले, सर."

मी चिडलो. चौथी शिकलेला माणूस मला द्रावकं शिकवतो! पट्टा न लावताच रिक्षात बसलो. पण घर येईपर्यंत डोक्यात एकच नाव फिरत होतं. एन-हेक्झेन, अशा सोल्युशनला पातळ ठेवणारं आणि हुंगत राहिलं तर नसा मारणारं द्रावक. सहा कार्बन, चौदा हायड्रोजन. मी ते फळ्यावर दर वर्षी लिहीत होतो. ते माझ्या वाटीत असेल हे मला सुचलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांसमोर सगळं सांगितलं. आबा नेमके त्याही दिवशी मागं उभे होते. या वेळी मी थांबलो नाही.

"जहाज?" डॉक्टर म्हणाले.

"प्लॅस्टिकचं. जोडायचं."

त्यांनी पेन टेबलावर टाकलं. "मास्तर, मी तुम्हाला तीनदा विचारलं होतं. तीनदा! मी काय तुमच्या खाटेखाली वाकून बघायचं?"

आबांनी मला धरून रिक्षात बसवलं. मंगलानं वाटी, डबा, थिनर त्याच दिवशी घराबाहेर काढलं.

इथं एक गोष्ट नीट ऐका, कारण ती मला कुणी आधी सांगितली असती तर मी इतका खचलो नसतो. विषारी द्रावक थांबवलं तरी रोग लगेच थांबत नाही. काही आठवडे, कधी काही महिने, तो वाढतच जातो. डॉक्टर त्याला कोस्टिंग म्हणाले. म्हणजे सायकलचं पॅडल थांबवलं तरी ती पुढं जात राहते, तसं. मला वाटलं होतं, कारण सापडलं, आता आठवड्यात बरा. जुलैत हातही गेले. आबा गावी परत गेलेच नव्हते; सदऱ्याची बटणं ते लावायचे. मला भाकरी मोडता यायची नाही, तीही तेच मोडून द्यायचे. जहाजाबद्दल मात्र एक शब्द काढत नव्हते. ते बोलले असते, शिव्या दिल्या असत्या, तर बरं वाटलं असतं. त्या गप्प राहण्याचा मला इतका त्रास व्हायचा की मी मंगलावर ओरडायचो.

सप्टेंबरात वाढ थांबली. नसा दिवसाला जेमतेम मिलिमीटरभर भरून येतात, असं डॉक्टर म्हणाले. व्यायाम करायचा, वाट बघायची, दुसरं औषध नाही. सुपडूभाऊंनी घरी येऊन पायाचं माप घेतलं आणि पाऊल वर धरून ठेवणारा चामड्याचा पट्टा करून दिला. मी माफी मागायला लागलो तर म्हणाले, "राहू द्या सर, आधी पाय वाकवा." सोल्युशनचा वास कोंडू नये म्हणून ते आजही दुकान उघड्यावरच मांडतात.

पुढच्या फेब्रुवारीत मी शाळेत रुजू झालो. उजवा पाय जवळजवळ पूर्वीसारखा आहे. डावा थकल्यावर अजून घासतो.

रुजू व्हायच्या आदल्या सकाळी आबा म्हणाले, "ते जहाज दखाड." मी ते खाटेखालून काढून दाखवलं. अर्धवटच होतं ते. सांगाडा, दोन बुरूज, एक तिरका कठडा. आबांनी ते दोन्ही हातांनी उचललं, उजेडात धरलं, बारीक तोफांवरून बोट न लावता नजर फिरवली.

"हाई तू करं?"

"हो."

"इतलं बारीक काम!" मग जहाज जपून खाली ठेवत, "मंग माले सांगाले काय व्हयनं व्हतं?"

त्यांना का सांगितलं नाही, याचं उत्तर माझ्याकडं वर्षभर तयार होतं. तुम्ही मला रिकामटेकडा म्हणाल, तुम्ही हसाल, एवढं शिकवून हेच करायचं होतं का म्हणाल. पण त्यांच्या तोंडाकडं बघून ते बाहेर पडेना. ते असं काही म्हणणार नव्हते. ते सगळं मीच त्यांच्या वतीनं ठरवून टाकलं होतं.

मंगलाचे, सुपडूभाऊंचे आणि त्या डॉक्टरांचे उपकार आहेतच. डॉक्टरांवर चिडण्याचा हक्क मला नव्हता हे कळायला फार उशीर झाला. तुम्हाला कधी मुंग्या आल्या, चप्पल निसटली, आणि डॉक्टरांनी विचारलं की फावल्या वेळात काय करता, तर मागं कोण उभं आहे ते बघू नका. जे करता ते सांगून टाका.