जांभळी घोषणा

आमच्या दारव्हा तालुक्यात माझ्या पेंटर मामांइतका चळवळीला नडलेला माणूस दुसरा नाही. सरकारसुद्धा नाही. सरकार निदान सरळ ‘नाही’ म्हणतं. मामा ‘हो’ म्हणतात आणि मग स्वतःच्या मनाचा रंग देतात. फ्लेक्सला आमचा तत्त्वतः विरोध, त्यामुळे सगळ्या भिंती त्यांच्याकडेच जातात. आणि मामांना घोषणा कागदावर लिहून दिलेली चालत नाही, भिंतीसमोर उभं राहून ओरडून दाखवावी लागते. ते डोळे मिटून ऐकतात आणि आवाज ज्या रंगाचा दिसेल तो डबा उघडतात. हो, दिसेल. मामांना आवाज दिसतात. डफडं लालभडक, एसटीचा हॉर्न शेवाळी, मामीची हाक हळदीसारखी. मामी चिडली की त्या हळदीत चुना पडतो म्हणे. एकदा भजनात पेटीवाल्याचा सूर चुकला, तर मामा भर मंडळीत ओरडले, “अबे, डाग पाडला ना बे!” आणि खरंच धोतर झटकू लागले.

बोरी अरबच्या शाळेत जाणाऱ्या आमच्या गावच्या मुलींची सकाळची बस बंद झाली, तेव्हा मी घोषणा घेऊन गेले : ‘बस आमच्या हक्काची!’ मला ती लाल हवी होती. संताप लालच असतो, यात चर्चेला जागा नाही. मी घसा फुटेस्तोवर ओरडले.

“जांभळी आहे,” मामा म्हणाले.

“मामा, हा निषेध आहे!”

“असन. पण तू भेऊन राह्यली वं पोरी. लाल लावलं तर खोटं होईन.”

मी अजिबात भ्यालेली नव्हते. बस आली नाही तर मुलींची शाळा सुटणार होती आणि त्यांत माझी धाकटी बहीण होती, एवढंच. भिंत जांभळी झाली. लोक विचारायचे, कोणाचं लग्न आहे? बस मात्र सुरू झाली. ती निवेदनांमुळे झाली, असं मी ठामपणे सांगते. मामांना सांगताना आवाज जरा कमी ठाम होतो.

मी अंधश्रद्धेविरुद्धही पत्रकं वाटते. पत्रकात एकतर खरं असतं, नाहीतर थोतांड. म्हणून मामांना उघडं पाडायचं ठरवलं. मिक्सर, दाराची कडी, पडलेला तांब्या असे वीस आवाज ऐकवून रंग वहीत उतरवले, आणि दोन महिन्यांनी काही न सांगता तेच आवाज पुन्हा ऐकवले. एकही रंग बदलला नाही. ओळखीच्या डॉक्टरबाई म्हणाल्या, काही माणसांत इंद्रियं अशी एकमेकांत मिसळलेली असतात. थोतांड नाही, आजारही नाही. आता याचं पत्रक काढायचं तरी कसं? वही तशीच पडून आहे.

गेल्या वर्षापासून मामांना ऐकू येणं कमी होत चाललं. त्यांच्या मुलाने कानाचं मशीन आणून दिलं, पण ते ब्रशच्या डब्यात पडलेलं असतं. “त्याच्यातून समदे आवाज पत्र्याच्या रंगाचे दिसते,” मामा म्हणाले, “मामीची हाक बी.” एवढं बोलून ते उगाच ब्रश पुसत बसले.

यंदा बस पुन्हा बंद झाली. मी भिंतीसमोर उभी राहून त्यांच्या डाव्या कानाशी तीनदा ओरडले. मामांनी डोळे मिटले. बराच वेळ मिटलेलेच ठेवले. मग उघडून डब्यांकडे बघत हळूच म्हणाले, “कोणता देऊ वं?”

हे त्यांनी आजवर कुणालाही विचारलं नव्हतं. लाल डबा माझ्या पायाशीच होता.

“जांभळा,” मी म्हणाले.

ओठांवरून कळलं असावं. “अजून भेते का तू?” ते हसले.

मी ‘हो’ म्हणून मान हलवली. कशाला भ्याले होते, बस न येण्याला की त्यांच्या त्या मिटलेल्या डोळ्यांना, हे मला अजून नीट सांगता येत नाही.