वेणीला सात मिनिटं

सकाळी सव्वासहाला मी गॅलरीत दहा मिनिटं चालते. दिवस चांगला जावा म्हणून फ्रिजवर यादी लावली आहे, त्यातलं हे तिसरं काम. आज समोरच्या गॅलरीत एक आई मुलीच्या वेण्या घालत होती.

"आई, डावी सैल झालीय. परत घाल."

"मान सरळ ठेव आधी. शाळेत कोण पट्टी लावून बघणार आहे?"

मी चालायची थांबले. माझी मुलगीही दोन्ही वेण्या सारख्या झाल्याशिवाय उठायची नाही. माझ्या यादीत वेणीला सात मिनिटं होती, लागायची पंधरा. तेवढ्यात ती मैत्रिणीशी झालेलं भांडण, बाईंची नवी साडी, रात्री पडलेलं स्वप्न, सगळं सांगून टाकायची. मी दातांत रिबन धरून, घड्याळाकडे बघत नुसतं "हं" म्हणायचे.

आता ती दूरच्या शहरात नोकरी करते. केसही कापलेत तिनं. फोनवर काही विचारलं, तर म्हणते, "सगळं ठीक आहे गं."

हल्ली माझी यादी सातच्या आत पूर्ण होते. मग ओट्याशी उभी राहून मी तिच्या त्या स्वप्नांपैकी एखादं आठवून बघते. एकही आठवत नाही.