नानांची बियाण्याची गाडी

नाना नवा सदरा नवा असताना कधी घालत नसत. सदरा घडीसकट पेटीत जायचा, कापडावर पिवळट डाग पडायचे, आणि मग एखाद्या साध्यासुध्या सोमवारी तो अंगात घालून नाना मिलवर यायचे. लेकीने दिलेलं घड्याळ खोक्यातल्या खोक्यातच बंद पडलं. घरात सुवासिक तांदूळ असायचा, पण तो पाहुण्यांसाठी. आणि पाहुणे आले की नानांना वाटायचं, याहून मोठे पाहुणे अजून यायचे आहेत. मूल गावात त्यांची धानाची मिल आणि माझं घर यांच्यामध्ये एकच भिंत होती. मी शाळेत शिकवतो म्हणून ते मला मास्तर म्हणायचे, आणि लहानपणापासून पाहिलेला म्हणून एकेरीत बोलायचे.

अशा माणसाने साठी ओलांडल्यावर दोन दारांची, जमिनीला टेकलेली, परदेशी बनावटीची स्पोर्ट्स गाडी घ्यावी, यावर बाजारात कुणाचा विश्वास बसेना. तीही सेकंडहँड. नानांना म्हातारचळ लागला असं लोक बोलू लागले. मला तसं वाटलं नाही, कारण त्यांनी मला मिलच्या पायरीवर बसवून सगळं समजावलं होतं.

"मास्तर, आता समद्या गाड्या बॅटरीच्या येऊन राह्यल्या," ते म्हणाले. "गेअर आपोआप पडते. हातानं गेअर टाकाची, पेट्रोलची, अशी गाडी पुढं कोनी बनवनार नाई. आज हे नुसती जुनी हाय. उद्या लोक हिले पाहाले येतीन. हे बियाणं हाय, समज."

गाडी नागपूरच्या एका डॉक्टरची होती. ते परदेशी चालले होते. इंजिन आमच्यासोबत आलेल्या मेकॅनिकने पाहिलं. नानांनी गाडी धान पाहावं तशी पाहिली. दाणा दाताखाली फोडून ओल ओळखणारा माणूस तो. त्यांनी पायाखालच्या गालिच्याखाली हात घातला, तो हात नाकाशी नेला, आणि गाडी कधी पुराच्या पाण्यात बुडालेली नाही याची खात्री करून घेतली. मला वाटलं, आता चालवत घरी जायचं. मी तर मनातून हरखलो होतो. पण नानांनी ट्रक बोलावून ठेवला होता. मीटर काऊन वाढवाचा, असं म्हणून त्यांनी ती ट्रकवर चढवली, आणि आम्ही एसटीने मूलला परतलो.

नानांच्या बायकोने, आमच्या काकूंनी, दारात गाडीला कुंकू लावलं आणि लगेच विचारलं, "पोंभुर्ण्याले नेसान ना मले हिच्यात?" पोंभुर्णा त्यांचं माहेर. आई अजून होती, पण पाय गेलेले. दिवसभर ओसरीवर बसून रस्ता पाहायची. जावयाने निळी गाडी घेतल्याचं तिच्या कानावर गेलं होतं, आणि येणाऱ्याजाणाऱ्याजवळ ती काकूंना निरोप धाडायची, की गाडी कधी आणतेस. नाना म्हणाले, रस्ता होऊ दे. ते खोटं नव्हतं. तेव्हा रस्ता खणून ठेवला होता, आणि गाडीचं पोट इतकं खाली की साध्या खड्ड्यातही टेकलं असतं.

गाडी मिलच्या गोदामात गेली. चाकांखाली फळ्या, वर चादर, आणि ओल शोषली जावी म्हणून चारही बाजूंनी कोंड्याची पोती, त्यात कडुनिंबाचा पाला. आमच्याकडे पुढच्या हंगामाचं धान जसं जपतात तशी. दर रविवारी नाना आत बसून इंजिन सुरू करायचे, डोळे मिटून ऐकायचे, क्लच दाबून एकेक गेअर टाकून पाहायचे आणि बंद करायचे. गाडी जागची हलायची नाही. मी एकदा चिडून म्हटलं, नाना, निदान बसस्टँडपर्यंत तरी चला. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी पेरणीच्या धानाचा भात मागितला होता.

पण कोंड्यात तुकडा तांदूळ असतोच, आणि त्याच्यामागे उंदीर येतात. हे साऱ्या मूलमध्ये नानांइतकं कुणाला ठाऊक नसेल, तरी ती चूक त्यांनीच केली. एका रविवारी गाडी सुरू झाली नाही. बॉनेट उघडलं तर उंदरांनी वायरी कुरतडून आत घर केलेलं. नागपूरहून माणूस येऊन नव्या वायरी टाकून गेला. गाडी चालू झाली, पण नानांचा चेहरा पडलेलाच. मूळची तार गेली, मूळची तार गेली, असं कितीतरी दिवस घोकत राहिले. काकू एवढंच म्हणाल्या, "उंदरं तरी बसले हिच्यात."

पुढे रस्ता झाला. चांगला गुळगुळीत झाला. तेव्हा नाना म्हणाले, पाऊस संपू दे. त्याच पावसात पोंभुर्ण्याची म्हातारी गेली. आम्ही मिलच्या टेम्पोतून गेलो, काकू पुढे ड्रायव्हरशेजारी तोंडाला पदर लावून बसलेल्या. परत आल्यावर मला राहवलं नाही. नाना, आज तरी काढायची होती, असं मी सरळ म्हणालो. "पावसात गंज धरला असता, मास्तर," ते म्हणाले, आणि ओल्या कपड्यांनीच गोदामाकडे वळले. मला त्यांचा फार राग आला होता. आणि कीवही आली होती, ती कुणाला सांगायची सोय नव्हती.

दिवाळीनंतर नानांना लकवा मारला. वाचा सावकाश परत आली, उजवी बाजू शाबूत राहिली, पण डावा हात आणि डावा पाय गेला तो गेलाच. क्लच दाबायचा पाय तो आणि गेअर टाकायचा हातही तोच. ज्या हाताच्या गेअरसाठी एवढा जीव टाकला, तो टाकायला हातच उरला नव्हता. ते खाटेवर पडून गोदामाकडे पाहत राहायचे. मी रविवारी इंजिन सुरू करायचो तेव्हा ऐकायचे, पण डोळे मिटायचे नाहीत.

एका रविवारी त्यांनी मला हाक मारून सांगितलं, गाडी बाहेर काढ. काकूंना लुगडं बदलायला लावलं. काकू मागच्या चिंचोळ्या सीटवर गुडघे आडवे करून कशाबशा मावल्या. नानांना आम्ही उचलून पुढे डावीकडे बसवलं, तेव्हा माझ्या लक्षात आलं, की तिथून गेअरचा दांडा त्यांच्या उजव्या हाताशीच येतो.

"तू क्लच दाब," नाना म्हणाले. "गेअर मी टाकतो."

तसे आम्ही गेलो. मी क्लच दाबून हं म्हणायचो आणि ते दांडा ओढायचे. आधी दोनदा चुकलं, गाडी कण्हली, मग जमलं. दोन्ही बाजूंनी सागाचं जंगल होतं, आणि इतकी वर्षं गोदामात कोंडलेला तो आवाज पहिल्यांदा मोकळा झाला होता. नाना एकदाही मीटरकडे पाहत नव्हते. पोंभुर्ण्यात शिरताना गतिरोधकावर गाडीचं पोट लांबलचक घासलं. मी दचकून त्यांच्याकडे पाहिलं.

"घासू दे," ते म्हणाले.

दोनच दारं, आणि पुढची सीट दुमडायची ती फक्त नानांच्या बाजूची, त्यामुळे नाना उतरल्याशिवाय काकूंना उतरता येईना. काकूंच्या भावाने आणि मी त्यांना बाहेर काढेपर्यंत काकू काचेतून ओसरीकडे पाहत बसल्या होत्या. ओसरीवर कुणी नव्हतं. म्हातारी बसायची तिथे भावाने धानाची पोती रचली होती. काकू उतरून तिथवर गेल्या आणि पोत्याला हात लावून उभ्या राहिल्या.

"उशीर केला मी," नाना माझ्या खांद्याच्या आधाराने उभे राहून म्हणाले.

"हो," काकू म्हणाल्या.

गाडी तेवढीच चालली. पुढचा हंगाम नानांनी पाहिला नाही.

मागच्या महिन्यात नागपूरहून एक तरुण आला. अशा गाड्या जमवायचा त्याला नाद आहे. मीटर पाहून तो खूश झाला. इतकी कमी चाललेली, इतकी जपलेली गाडी कुठे पाहिली नाही, असं पुन्हा पुन्हा म्हणाला. नाना म्हणायचे ते अगदी खरं झालं होतं, लोक गाडी पाहायला आले होते. मग तो मोबाइलचा उजेड घेऊन गाडीखाली वाकला. सगळं उत्तम आहे, फक्त पोटाखाली एक मोठा ओरखडा आहे, तो आम्ही काढून टाकू, असं त्याने काकूंना सांगितलं.

"नाई काढाचा," काकू म्हणाल्या. "बाकी गाडी त्याहीची होती. तेवढा ओरखडा माहा हाय."