एसटी वळायची जागा

आमच्या गावात एसटी वळायची एक जागा आहे. मारुतीच्या पारापुढचं मोकळं मैदान आणि कडेला एक लिंबाचं झाड. बोरीकडून गाडी येते, कंडक्टर खाली उतरतो, मागच्या पत्र्यावर थापा मारत "येऊ द्या, येऊ द्या" करतो आणि गाडी तोंड फिरवून उभी राहते. मी लग्न होऊन या गावात आले तेव्हापासून ती जागा तेवढ्याच कामाची.

मागच्या दसऱ्याच्या आधीच्या दसऱ्याला माझ्या मुलानं कार घेतली. मीच तिला ओवाळलं, चाकाखाली लिंबू ठेवलं, गल्लीभर पेढे वाटले. पण आमच्या बोळातून बैलगाडीसुद्धा अंग चोरून जाते, तिथं कार कुठली शिरायला? म्हणून ती लिंबाखाली उभी राहिली. तिला बघून शेजारी दुसरी आली, मग तिसरी. संक्रांतीपर्यंत मैदान भरलं.

एका सकाळी एसटीच्या ड्रायव्हरनं बराच वेळ हॉर्न वाजवला. किल्ली घेऊन कुणी आलं नाही. बिचाऱ्यानं पुढं-मागं करत गाडी कशीबशी बाहेर काढली आणि दुसऱ्या दिवसापासून ती फाट्यावरच थांबायला लागली. फाटा गावापासून चांगला पाऊण तासाच्या चालीवर. गावात कुणी ब्र काढला नाही. बोलणाऱ्यांच्या घरी कार होती. राहिल्या पायी जाणाऱ्या बायका आणि कॉलेजच्या पोरी, त्यांना कोण विचारतो?

आता माझं काय अडलं होतं म्हणाल, तर तसं काहीच नाही. मी निवृत्त शिक्षिका, पेन्शन येते, मुलगा गुणी आहे. घोळ तिथंच होता. "आई, तुला कुठं जायचंय तेवढं सांग, मी सोडतो की," असं तो म्हणायचा आणि खरंच सोडायचा.

सगळी नोकरी मी एसटीनं अप-डाउन केली. खिडकीतून रुमाल टाकून जागा धरली, उभ्यानं प्रवास केला, टपावरच्या कोंबड्यांची पिसं झेलली. पण कुणाला विचारून निघाले नाही. निवृत्त झाल्यावर दर गुरुवारी बोरीला माझ्या जुन्या शाळेतल्या मैत्रिणीकडं जायचे आणि शेवटच्या गाडीनं परतायचे. दुपारभर आम्ही दोघी काय बोलायचो ते आमचं आम्हाला ठाऊक. एसटी गावात यायची बंद झाली, रात्री फाट्यावरून एकटीनं चालत येणं मुलाला पटेना आणि गुरुवार त्याच्या सवडीनं यायला लागला. कधी रविवारी आला, कधी आलाच नाही. वर कारण सांगा. कशाला जायचंय, फोनवर बोल की. नेलं तरी अर्ध्या तासात दारात हॉर्न. एकदा बशीत ओतलेला चहा तसाच ठेवून उठले. घरी येईपर्यंत मी त्याच्याशी एक शब्द बोलले नाही आणि त्याला ते कळलंही नाही, गाणी लावली होती. ज्या घरात कार आली त्या घरातली बाई सुखी झाली असं सगळे म्हणतात. मी तर त्या कारपायी परस्वाधीन झाले होते. त्याचा मला भयंकर राग आला होता आणि अजून आहे.

त्यात ग्रामसभा लागली. पंचायतीकडं एसटीच्या प्रवासी निवाऱ्यासाठी निधी आला होता. एका कारवाल्यानं सूचना मांडली की त्या पैशातून मैदानात फरशी टाकावी, वर पत्रे घालावेत, गाड्यांना ऊन लागतं.

"एसटीच येत न्हाई तर निवारा कुणासाठी बांधायचा?" असं तो म्हणाला. माना हलल्या. त्यात माझ्या मुलाचीही होती.

बायका आमच्याकडं सभेत मागं बसतात. मी उठून पुढं गेले.

"तुमच्या गाड्या उभ्या हायत म्हणून एसटी येत न्हाई. कार घेतली तुमी तुमच्या पैशानं. मग तिला जागा गावाची अन् सावली सरकारची कशाला पायजे?"

मागून कुणीतरी म्हणालं की बाई, तुमच्या पोराचीबी हाय की त्यात. लोक हसले. मी म्हटलं, तिच्यापासूनच सुरू करा. विषय पुढच्या सभेवर ढकलला गेला. मुलगा घरी आल्यावर जेवला नाही. मी मात्र पोटभर जेवले.

दुसऱ्या दिवशी फाट्यापर्यंत चालत जाऊन डेपो गाठला. तिथले साहेब सरळ माणूस. त्यांच्याकडं गाड्या आधीच कमी होत्या. जागा मोकळी झाली की कळवा, गाडी आत पाठवतो, एवढंच म्हणाले.

तेव्हा सोयाबीन निघालं होतं. जिथं ऊन तिथं लोक ते वाळू घालत होते, रस्त्यावरसुद्धा. सकाळी कारवाले परभणीला कामावर गेले की मैदान रिकामं व्हायचं. मी आमची पोती तिथं ओतली. भीमनगरातली एक मजूर बाई माझ्या मदतीला आली. तिची मुलगी कॉलेजला जायची आणि ही रोज अंधारात तिला फाट्यावर पोचवून मग कामाला जायची. दुपारपर्यंत आणखी घरांची पोती आली. कारवाल्यांच्या आया आल्या, बायका आल्या. त्यांना मी बोलावलं नव्हतं. त्यांनाही कुठंतरी जायचं असणार.

संध्याकाळी कार परतल्या आणि एकामागं एक थबकल्या. मैदानभर पिवळंधमक सोयाबीन. हॉर्न वाजले, एक बाई जागची हलली नाही. मुलगा खाली उतरला.

"आई, हे काय करायलीस?"

"वाळू घालायलेय."

त्यानं दाण्यांकडं पाहिलं. त्याच्याच रानातले होते. अन्नावरून चाक घालायची आमच्याकडं कुणाची छाती होत नाही. तो मागं फिरला आणि गावाबाहेर रानाकडं जाणाऱ्या पांदीच्या कडेला कार लावून चालत घरी आला. बाकीचेही तसेच आले. सोयाबीन वाळल्यावरही आम्ही आठवडाभर काही ना काही पसरत राहिलो. कारना पांदीची सवय लागली. मग मी डेपोत फोन केला.

एसटी आली त्या सकाळी आम्ही बायकांनी फळ्यांनी धान्य कडेला ओढलं. कंडक्टर उतरला, पत्र्यावर थापा पडल्या, गाडी झोकात वळली. मी पिशवी घेऊन दाराशी पोचले, तोच मुलगा किल्ली हातात घेऊन आला.

"कुठं जायलीस? सोडू का?"

"नको," म्हटलं आणि चढले.

खिडकीची जागा मिळाली. फाटा मागं पडला तेव्हा कंडक्टरनं विचारलं, कुठलं तिकीट देऊ. गुरुवार नव्हता. कुठं जायचं ते मी ठरवलंच नव्हतं.

"गाडी जाईल तिथलं द्या," मी म्हटलं.