पाठमोरी मदत

संध्याकाळी मुलीला आणायला पाळणाघरात गेले, की दाराशीच फळा दिसतो. मुलांनी आज काय खाल्लं, ते त्यावर तिथल्या मदतनीस शोभाताई लिहितात. आज ‘खिचडी’पाशी त्यांचा खडू अडला. मागे आम्ही पालक उभे. ताईंनी उगाचच पदर सारखा केला.

पाळणाघर चालवणाऱ्या बाई आत दुपट्यांच्या घड्या घालत होत्या. वळूनही न बघता, स्वतःशीच बोलल्यासारखं त्या म्हणाल्या, “खिचडी... खला पहिली, डला दुसरी.”

खडू पुन्हा चालू लागला.

चालायला शिकणाऱ्या मुलामागून आपण असेच हात पसरून, पण न शिवता चालतो. मोठ्या माणसांमागून मात्र असं कुणी चालत नाही, असं मला वाटायचं.

मुलीला कडेवर घेताना सहज आत पाहिलं. घड्या केव्हाच घालून झाल्या होत्या. ताईंचं लिहून होईपर्यंत बाई एकाच दुपट्याची घडी मोडून पुन्हा पुन्हा घालत होत्या.